गॅस तीनदा भरला, गळती एकदाही शोधली नाही

प्रश्न: आमच्या स्प्लिट एसीत गेल्या तीन उन्हाळ्यांत एकाच मेकॅनिकने तीनदा गॅस भरला, दर खेपेस 3,000 रुपयांच्या आसपास. मागच्या मे महिन्यात चिडून मी बिलातले 1,500 अडवले. यंदा मार्चमध्ये गारवा पुन्हा गेला. ‘गॅस गेलाय, पीसीबीही उडालाय’ असं सांगून तो पीसीबी (एसी चालवणारा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) दुरुस्तीला घेऊन गेला. आता पीसीबीचे 2,400 आणि मागचे 1,500 असे दोन्ही दिल्याशिवाय तो परत देणार नाही म्हणतो. दरम्यान दुसऱ्या तंत्रज्ञाला बोलावलं, तर इनडोअरच्या फ्लेअर नटमधून (गॅसची नळी जोडणाऱ्या नटमधून) गॅस गळताना त्याला दिसला. मी दिलेले सगळे पैसे परत मिळतील का? तिन्ही बिलांचे, आउटडोअरचे आणि व्हॉट्सॲप संभाषणाचे फोटो पाठवले आहेत.

उत्तर: सगळे नाही. पण त्याआधी पीसीबी सोडवून आणा. त्याच्याशिवाय एसी चालणार नाही आणि उन्हाळा काही ग्राहक आयोगाच्या तारखांसाठी थांबत नाही.

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 170 प्रमाणे, तुमच्या वस्तूवर ज्याने मेहनत आणि कसब खर्च केलं त्याला त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू स्वतःकडे ठेवता येते. म्हणजे पीसीबी खरोखर दुरुस्त झाला असेल तर 2,400 साठी तो अडवायचा हक्क त्याला आहे. मात्र मागच्या वर्षीच्या गॅसचे 1,500 वसूल करायला तोच पीसीबी अडवता येत नाही. जुन्यानव्या सगळ्या बाकीपोटी हाती असलेला माल अडवण्याची मुभा कलम 171 ने बँकांसारख्या मोजक्या मंडळींना दिली आहे; इतरांना ती हवी तर तसा स्पष्ट करार लागतो. (वकिलांनाही ती नाही. फीसाठी अशिलाची फाइल दाबून ठेवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली आम्हाला सुनावलं आहे.) तेव्हा 2,400 ऑनलाइन भरा, सोबत ‘फक्त पीसीबीच्या दुरुस्तीचे, हरकत राखून’ असा निरोप पाठवा आणि पीसीबी घेऊन या. यासाठी पोलीस ठाण्यात जाऊ नका. ‘दिवाणी वाद आहे’ म्हणून परत पाठवतील.

आता गॅसकडे येतो. तुमच्या मूळ पत्रात ‘लुबाडलं’ हा शब्द चार वेळा आला आहे. तक्रारीत तो एकदाही नको. गॅस भरण्याचा दर कायद्याने ठरवलेला नाही. कोणी कमी घेईल, कोणी जास्त. ‘महाग लावलं’ या मुद्द्यावर तुम्ही हराल. तुमचा मुद्दा वेगळा आहे. एसीतला गॅस स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठून तरी गळला. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता हवा भरणं. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये यालाच सेवेतील त्रुटी म्हणतात, व्याख्या कलम 2(11) मध्ये आहे.

तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. आउटडोअरच्या पट्टीवर लिहिलंय: आर-32 (हा गॅसचा प्रकार), 0.78 किलो. आणि तिसऱ्या बिलावर? ‘गॅस 1.200 किलो’. पूर्ण रिकाम्या यंत्रात जेवढा मावायला हवा त्याच्या दीडपट गॅस भरल्याचं त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं आहे. हा तुमचा हुकमाचा एक्का. ‘पाइप लांब होता’ असं तो म्हणेल. जादा पाइपला मीटरमागे साधारण 20 ग्रॅम धरतात. वरच्या 420 ग्रॅमसाठी आणखी वीसेक मीटर पाइप लागेल, आणि तुमचं आउटडोअर तर त्याच खोलीच्या खिडकीखाली टांगलेलं दिसतंय.

दुसऱ्या बिलाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. त्यावर खाली बारीक अक्षरांत ‘लीक टेस्ट: नको’ अशी खूण आहे आणि शेजारी तुमची सही. खूण त्याने केली आणि तुम्ही न वाचता सही केलीत असं असेल, तर तसंच तक्रारीसोबतच्या प्रतिज्ञापत्रात लिहा. लपवलंत तर तो हाच कागद पहिल्या तारखेला पुढे करेल आणि तुमच्या भक्कम बिलावरचाही विश्वास जाईल.

पहिलं बिल दोन वर्षांहून जुनं आहे. ग्राहक कायद्याच्या कलम 69 प्रमाणे तक्रारीची मुदत दोन वर्षांचीच. गळती आत्ता कळली म्हणून उशीर माफ करा, असा अर्ज करता येतो. जोडा, पण भरवसा ठेवू नका. थोडक्यात, तिसऱ्या खेपेचे दिलेले 1,500 परत आणि राहिलेले 1,500 रद्द, एवढं भक्कम. दुसऱ्या खेपेचे 3,000 वादात.

नव्या तंत्रज्ञाने अजून नट बदलला नसेल तर साबणाच्या फेसाला बुडबुडे येतानाचा व्हिडिओ करून ठेवा. त्याच्याकडून लेखी घ्या: गळती नेमकी कुठे, कशी सापडली, नायट्रोजन किती दाबाने भरून तपासलं, व्हॅक्यूम केलं का (नळ्यांतली हवा ओढून काढली का), वजन करून किती गॅस भरला. जुना नट पिशवीत घालून तारीख टाका. मेकॅनिकचा ‘दर वर्षी टॉप-अप लागतोच’ हा व्हॉट्सॲप निरोप पुसू नका, फोन बदललात तरी जुना जपा. पहिल्या दोन बिलांत जीएसटी लावलाय, पण जीएसटी क्रमांक कुठेच नाही. नोंदणी नसलेल्याला कर वसूल करता येत नाही. नोटिशीत एक ओळ त्याबद्दल टाका.

नोटीस बंधनकारक नाही, तरी 15 दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने पाठवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावरही तक्रार नोंदवा. नाहीच वाकला, तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात ‘ई-जागृति’ पोर्टलवरून तक्रार दाखल होते; व्यवहार 5 लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क शून्य. वकील लावू नका, त्याची फी दाव्याहून मोठी होईल. समोरच्याला उत्तराला 30 दिवस आणि फार तर आणखी 15 मिळतात. निकाल तीन महिन्यांत, वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असं कायदा म्हणतो. तुम्ही याहून जास्त धरून चाला. मनस्तापाचे लाखभर मागू नका, आयोगाचे सदस्य अशा आकड्यांना कंटाळलेले असतात.

नोटीस मिळाल्यावर त्याने 1,500 परत देऊन बाकी सोडण्याची तयारी दाखवली, तर मी तुमच्या जागी घेतले असते. फक्त ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहून सही करण्याआधी पीसीबी घरात येऊन एसी चालू झालाय ना, ते बघा.