एक मांडीवर, एक टेबलाखाली

तुमचा प्रश्न वाचून सहा वर्षांपूर्वीचं आमचंच घर आठवलं. अडीच वर्षांचे जुळे, मुलगी पुस्तक घेऊन बसते आणि दहा-बारा अक्षरं ओळखते, मुलगा दुसऱ्या पानाला पसार. ती 'बघून शिकणारी', तो 'करून शिकणारा', असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय आणि आता दोघांना वेगवेगळं साहित्य आणायचं का, असं विचारताय.

नका आणू. पैशांसाठी म्हणत नाहीये. बघून, ऐकून, करून शिकणारी अशी मुलांची वाटणी ऐकायला पटते, पण 2008 साली मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन तपासलं, तेव्हा त्या-त्या शैलीप्रमाणे शिकवल्याने मूल जास्त शिकतं याला पुरेसा आधार सापडला नव्हता. मुलांच्या आवडी वेगळ्या असतात, वेगही वेगळा असतो, यात वाद नाही. पण जुळ्यांच्या घरात असा शिक्का फार पटकन बसतो, कारण तुलनेला दुसरं मूल कायम शेजारीच उभं असतं.

आमच्या दोघी आता तिसरीत आहेत. थोरली सात मिनिटांनी थोरली. 'ही अभ्यासू, ती वांड' हे आमच्याकडे पहिल्यांदा कोण म्हणालं असेल? मीच. पाहुण्यांसमोर, हसत हसत. मग प्लेग्रुपच्या ताई तेच म्हणायला लागल्या आणि धाकटीपुढे पुस्तक धरणंच मी हळूहळू सोडून दिलं. तिला आवडत नाही ना, मग कशाला! त्या काळातली ही माझी सगळ्यात मोठी चूक.

एका संध्याकाळी थोरलीला मांडीवर घेऊन काऊ-चिऊची गोष्ट वाचत होते. धाकटी जेवणाच्या टेबलाखाली स्टीलच्या वाट्या एकात एक बसवत होती. चिमणी दार न उघडता बाळाचं एकेक काम सांगत राहते, तिथे मी थोरलीने पुढचं बोलावं म्हणून मुद्दाम थांबले. थोरली चित्रातल्या कावळ्यावर बोट फिरवत गप्प. टेबलाखालून आवाज आला, "तीट लावते!" आणि वाट्यांचा खणखणाट पुन्हा सुरू. गोष्ट तिला पाठ होती. फक्त ती मांडीवर बसून ऐकत नव्हती, एवढंच.

तेव्हा तुमचा मुलगा पळाला तरी वाचायचं थांबू नका. आवाज थोडा मोठा ठेवा आणि अधूनमधून वाक्य अर्धं सोडा. त्याला पान उलटायचं काम द्या, गोष्टीतला पाऊस पाडायला डबा वाजवू द्या. मुलीलाही नुसतं ऐकवू नका. अक्षरं ओळखता आली म्हणून गोष्ट कळली असं होत नाही. 'हा का रडतोय?' असं तिला विचारा आणि उत्तर यायला वेळ द्या. जुळ्यांच्या घरात हा वेळच मिळत नाही, एक तोंड उघडतो तोवर दुसरा बोलून मोकळा होतो.

म्हणून माझ्या मते सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे रोज प्रत्येकाला एकेकट्याला दहा मिनिटं. जुळ्यांचं बोलणं थोडं उशिरा येण्यामागे एक कारण हेही असतं, की मोठ्या माणसाशी एकास एक बोलणं त्यांच्या वाट्याला कमी येतं. आम्ही आंघोळीची वेळ धरली होती. एकीला बाबा न्हाणीघरात घेऊन जायचे, दुसरी माझ्यापाशी. आणि पुस्तक तीच निवडणार, मग सलग तेरा दिवस एकच का असेना (झालंय). एका पुस्तकावरून मारामारी होत असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट मिळतात, दोन प्रती छापून घ्या. चावल्या तरी जीव हळहळत नाही.

अक्षरांची घाई अजिबात नको. नव्या शैक्षणिक धोरणातही पहिलीचं वय सहा आहे. आजोबा मुलाला पाटीवर गिरवायला बसवतात म्हणालात, तेवढं मात्र प्रेमाने थांबवा. त्या बोटांना सध्या कणकेचा गोळा द्यावा, मटार सोलायला द्यावेत. पुढे अक्षरांची वेळ येईल तेव्हाही क, ख, ग, घ या क्रमाचा हट्ट नको. आपल्याकडे 'गमभन'ने सुरुवात करायची पद्धत आहेच, चारच अक्षरांत मग, नभ, गगन, मन असे शब्द तयार होतात.

तोवर टाळ्यांचा खेळ खेळा. केळी, दोन टाळ्या. पपई, तीन. आमच्या दोघींचं पाचव्या वर्षी 'कमळ'वरून जोरात भांडण झालं होतं. धाकटी म्हणे क-मळ, दोनच टाळ्या. थोरली तक्त्यावर बोट ठेवून ओरडत होती, तीन! दोघी बरोबर. बोलताना आपण 'म' आणि 'ळ' एका दमात म्हणतो, लिहिताना अक्षरं तीन. एकीला कानाने सापडलं, दुसरीला डोळ्याने, आणि वाचायला तर दोन्ही लागतं. त्या भांडणातून दोघी एकमेकींकडून जे शिकल्या, ते मला शिकवता आलं नसतं.

एक गोष्ट मात्र आवडीनिवडीवर सोडू नका. मुलगा 'पाणी दे', 'बाबा आले' अशी दोन शब्दांची वाक्यं स्वतःहून बोलतो का? मागून हाक मारली तर वळतो का? नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानांची तपासणी करून घ्या. 'मुलगे उशिरा बोलतात' म्हणून थांबू नका. दिवसांआधी जन्मलेल्या बाळांचं वय डॉक्टर थोडं कमी धरतात, पण तेही साधारण दोन वर्षांपर्यंतच. तुमचे अडीचचे आहेत. दोघं आपसात स्वतःच्या भाषेत बोलतात, त्याची काळजी नको, फक्त तुमच्याशी तुमच्या भाषेत बोलणं वाढत राहिलं पाहिजे.

सासूबाईंनी आणलेला मुळाक्षरांचा तक्ता लावायचा की नाही, असं शेवटी विचारलंय. लावा की. मुलांच्या उंचीवर लावा आणि त्यावरून परीक्षा घेऊ नका. आमच्या तक्त्यावरचा 'बाणाचा ण' धाकटीने नखाने खरवडून काढला होता. बाण तेवढा ठेवला.