‘दस दस को एक ने मारा’ मुलांनी गावं का?

प्रश्न : ताई, आमच्या रामबागेतल्या मंडळात २६ जानेवारीच्या प्रोग्रामला ‘ऐ मेरे वतन के लोगों’ बसवतोय. प्रॅक्टिसला माझी कॉलेजातली भाची म्हणाली, मावशी हे तर युद्धाचं गुणगान आहे, ‘दस दस को एक ने मारा’ असलं काही लहान मुलांकडून कशाला गाऊन घेता, माणूस मुळातच हिंसक असतो हे शिकवायचंय का? आम्हाला काही उत्तरच सुचेना. तो अंतरा गाळावा का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : गाळू नका, आणि भाचीला रागावूही नका. तिने शब्द नीट ऐकलेत, आपण चालीत इतके रमतो की शब्दांकडे लक्षच जात नाही. त्या ओळीत अभिमान आहेच, नाही कशाला म्हणायचं. समोरचे ते दहाही कुणाची तरी मुलंच होती, तिथवर कवी जात नाही आणि ते मलाही खटकतं. पण ओळ दहावर थांबत नाही ना, आधी रक्ताने माखलेलं शरीर येतं आणि मारून झाल्यावर लगेच ‘फिर गिर गए होश गँवा के’, म्हणजे जिंकल्याचा जल्लोष नाहीच तिथे. आणि अख्ख्या गाण्यात शत्रूचं नाव सापडतं का बघा! १९६२ ची लढाई चीनशी झाली, पण गाण्यात चीन नाही, शिवी नाही, बदला घेऊ असं नाही.

कवी बोलतोय तो घरी बसलेल्यांशी. घोषणा द्या, तिरंगा फडकवा, पण जे परत आले नाहीत त्यांची आठवण ठेवा, एवढंच त्याचं मागणं. मला सगळ्यात जास्त लागतो तो दिवाळीचा अंतरा, देशात दिवाळी होती तेव्हा ते होळी खेळत होते, हे नुसतं यमक जुळवायला लिहिलेलं नाही हं, लढाई २० ऑक्टोबरला पेटली आणि त्या वर्षीची दिवाळी खरंच ऑक्टोबरच्या शेवटी आली, म्हणजे इकडे घरोघरी चकल्या तळणं चाललेलं आणि तिकडे हिमालयात पोरं मरत होती. ‘हम बैठे थे घरों में’ म्हणताना कवी स्वतःलाही सोडत नाही. माणसाच्या स्वभावाबद्दल गाण्यात काही असेल तर ते हे, की दुसऱ्याच्या जिवावर आपण निवांत राहतो आणि पटकन विसरतो.

लिहिणारे प्रदीपजी आपल्या शेजारच्या बडनगरचे, लताबाईंचा जन्म तर इंदूरचाच, चाल सी. रामचंद्रांची. लढाई थांबून जेमतेम दोन महिने झाले होते तेव्हा, २७ जानेवारी १९६३ ला, दिल्लीत नेहरूंसमोर ते पहिल्यांदा गायलं गेलं. गाण्याचं मानधन सैनिकांच्या विधवांना मिळावं अशी प्रदीपजींची इच्छा होती, यावरूनच कळतं की त्यांच्या मनात कोण होतं.

मुलांना फक्त एवढं सांगा, ‘मारा’वर आवाज चढवायचा नाही, ‘गिर गए’ सावकाश म्हणायचं. निवेदन भाचीलाच द्या, तिला जे खटकलं ते तिने माइकवर खुशाल बोलावं. महूचे कुणी रिटायर्ड फौजी ओळखीचे असतील तर त्यांना आवर्जून बोलवा, या विषयावर ही मंडळी आपल्यापेक्षा खूप मोकळं बोलतात.