पाण्यातल्या पिसवांची पुरुमेंत

ताई, फोंड्याहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी बीएस्सी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला, देवळाच्या तळीतलं पाणी बाटल्यांत भरून आणते, रात्री उशिरापर्यंत डॅफ्निया, म्हणजे पाण्यातल्या पिसवा, मोजते. ‘या किड्यांवर पोट कसं भरणार? बँकेच्या परीक्षेला बसवू का?’ असं तुम्ही विचारलंय.

आधी ती काय बघते ते सांगतो. डॅफ्निया किडा नव्हे, कोळंबीच्या गोतातला इवलासा जीव. अंग पारदर्शक, म्हणून पोटातले चरबीचे थेंब जिवंतपणीच मायक्रोस्कोपखाली दिसतात. आपण पावसाआधी पुरुमेंत भरतो ना, तशी डॅफ्निया शेवाळ मुबलक असताना चरबी साठवते आणि त्यातली काही अंड्यांत घालते. पिल्लांची शिदोरी ती. पण याच साठ्यामुळे अन्न संपत आलं तरी मोठ्या माद्या तग धरतात, संख्या अन्नाला परवडेल त्यापलीकडे जाते आणि मग धाडकन कोसळते. गोल्डन आणि हॉर्निग यांनी 1980 साली साठा, हे चढउतार आणि जातींमधली स्पर्धा यांचा संबंध मांडला. तुमची मुलगी त्याच प्रश्नाशी खेळते आहे. मला त्याचा फार आनंद झाला.

आता पोटाचं. ‘डॅफ्नियातज्ज्ञ’ अशी जागा कुठे निघत नाही. पण एखादं रसायन पाण्याला किती विषारी, हे याच जिवावर 48 तासांच्या आणि 21 दिवसांच्या चाचण्यांनी तपासतात. तशा प्रयोगशाळांना हात बसलेली माणसं लागतात. मत्स्यबीज केंद्रांत माशांच्या पिल्लांना डॅफ्नियाची बहीण मोइना जिवंत खाद्य म्हणून देतात. संशोधनात जायचं तर एमएस्सी, मग नेट ही पात्रता परीक्षा. त्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये.

मला खटकलं ते वेगळंच. ती मोजते, पण आलेख काढते का? पत्रात संख्याशास्त्राचा उल्लेखही नाही. त्याच्याशिवाय ही वाट अर्ध्यावर अडते. सहा बरण्या घ्यायला सांगा, तिघींना रोज शेवाळ, तिघींना आठवड्याने बंद. तीन आठवडे रोज संख्या, अंडी, चरबी लिहायची. ती वही घेऊन सुट्टीत गोवा विद्यापीठात किंवा दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत (एनआयओ) इंटर्नशिप विचारावी. एनआयओचं काम समुद्राचं, पण प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, मोजणारा हात तोच.

बँकेच्या अधिकारीपदाच्या (पीओ) परीक्षेला तिशीपर्यंत बसता येतं, त्याची आज घाई नको. आणि ताई, नळाचं पाणी त्या बरण्यांत थेट ओतू नका, क्लोरीनने सगळ्या मरतील.