मॉडेल रेल्वे हा पुरुषांचाच छंद आहे का? बायका यात असतील, तर त्यांची नावं ऐकू का येत नाहीत?

संख्येने पुरुष जास्त आहेत, त्यात वाद नाही. पण ‘पुरुषांचाच’ म्हणालात तर या छंदाची सुरुवातच हातातून निसटते.

जर्मनीतली मेर्कलिन ही या क्षेत्रातली मातब्बर कंपनी. १८५९ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिथे आगगाड्या नव्हत्या, पत्र्याची भातुकली बनत होती. संस्थापक थिओडोर मेर्कलिन १८६६ मध्ये वारले आणि पुढची वीसेक वर्षं धंदा टिकवला तो त्यांच्या पत्नी कॅरोलिन यांनी. त्या गावोगाव फिरून स्वतः माल विकत. १८८८ मध्ये मुलांनी कारभार हाती घेतला आणि १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक गेजची, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ठरवून दिलेली, रेल्वे मांडली. छंदाचा इतिहास सांगणारे बहुतेक जण इथून सुरुवात करतात. आईची वीस वर्षं त्या आधीची, म्हणून ती गाळली जातात.

पुढेही तेच. लिव्हरपूलच्या कारखान्यात हॉर्नबी या ब्रिटिश ब्रँडच्या खेळण्यातल्या गाड्या जोडणाऱ्या हातांत बायकांचे हात भरपूर होते. जाहिराती मात्र मुलग्यांना उद्देशून. अमेरिकेच्या लायनेल या खेळण्यातल्या आगगाड्यांच्या कंपनीला १९५७ मध्ये मुलींची आठवण झाली, तर त्यांनी काय करावं? इंजिन गुलाबी केलं आणि डबे फिकट निळे, पिवळे, जांभळट. गाडी खपली नाही. माझ्या मते कारण सरळ आहे: जिला आगगाडी हवी होती तिला खऱ्यासारखी आगगाडी हवी होती. (आज तोच संच संग्राहक चढ्या भावाने घेतात, हा भाग वेगळा.)

आता माझं सांगते. मी एचओमध्ये, म्हणजे १:८७ या प्रमाणात काम करते. वायरिंग, सोल्डरिंग, इंजिनात डिकोडर (कंट्रोलरचे हुकूम समजून घेणारं छोटं सर्किट) बसवणं हे सगळं माझं. पहिल्यांदा प्रदर्शनात लेआउट, म्हणजे रूळ, इमारती, झाडं असा सगळा देखावा, मांडला तेव्हा नवरा टेबलं उचलायला सोबत आला होता. एक गृहस्थ आले आणि पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे) कशावर चालवता, असं त्याला विचारू लागले. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. गृहस्थ माझ्याकडे वळले, कौतुकाने हसले आणि म्हणाले, “वा! म्हणजे झाडं तुम्ही केलीत?”

झाडं नवऱ्याने केली होती.

या प्रसंगाचा राग मला उशिरा आला, आणि तोही वेगळ्याच कारणाने. झाडं म्हणजे सजावट आणि इंजिन म्हणजे खरं काम, हे मीही मनातून मानत होते. पण अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनचे नियम पाहा. त्यांच्या ‘मास्टर मॉडेल रेलरोडर’ या पदवीसाठी ११ प्रकारांतली किमान ७ प्रमाणपत्रं लागतात. त्यात सीनरी (झाडं, डोंगर वगैरे) आणि इमारती यांना इंजिनाइतकाच मान आहे. मॉडेल १२५ गुणांत तपासतात आणि ८७.५ मिळाले की मेरिट अवॉर्ड. बांधणी, बारकावे, रंगकाम, खऱ्या वस्तूशी जुळणं, सुटे भाग स्वतः घडवणं, यांवर गुण मिळतात.

घोडं अडतं ते त्याच्याही आधी. मॉडेल परीक्षकांपुढे स्वतःच्या नावाने ठेवावं लागतं. मी पाहिलेले कितीतरी लेआउट नवरा-बायकोने मिळून केलेले आहेत. खडी तिने एकेक चमचा पसरून चिकटवलेली असते, इमारतींना जुनाट कळा तिने आणलेली असते, आणि पाटीवर नाव एकाचंच. विचारलं तर तीच म्हणते, “मी काय, थोडी मदत केली.” नोंदच झाली नाही तर दखल कोण आणि कशाची घेणार?

चित्र बदलतंय का? थोडंफार. २०१८ मध्ये ब्रिटनच्या चॅनल ५ वर लेआउट बांधायची स्पर्धा झाली, तिथे दोन परीक्षकांपैकी एक होत्या कॅथी मिलॅट, स्वतः मुरलेल्या मॉडेलकार. चुका काढणारी जाणकार बाई पडद्यावर दिसणं हे गुलाबी इंजिनापेक्षा कितीतरी कामाचं. क्लबवाल्यांना मी एवढंच सांगते, की कुणी बाई लेआउटपाशी रेंगाळली तर ‘मुलाला आवडतं का?’ असं विचारू नका. कंट्रोलर तिच्या हातात द्या.

माझ्या लेआउटवर आता पाटी आहे. वर माझं नाव, आणि खाली बारीक अक्षरांत: ‘झाडे – आमचे हे.’