आधी व्हिडिओ, मग वर्ग

चि.,
अनेक आशीर्वाद.

'नेटवर सगळं मिळतं, मग लेक्चरला फक्त हजेरीसाठीच जायचं ना?' हा तुझा प्रश्न वाचला. हजेरीचं राहू दे, त्याची नोटीस कॉलेज लावतंच.

तुझं ट्रान्झिस्टर बायसिंगच घे, म्हणजे ट्रान्झिस्टर नीट चालावा म्हणून त्याच्या बेस, कलेक्टर आणि एमिटर या तीन टोकांना योग्य व्होल्टेज आणि करंट ठरवून देणं. एनपीटीईएल या ऑनलाइन लेक्चरांच्या उपक्रमात ते फार छान शिकवलंय. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने २००३ मध्ये हा उपक्रम सुरू केला. पण तू ते व्हिडिओ बघतेस कधी? परीक्षेच्या आदल्या रात्री, दीडपट वेगाने! त्यापेक्षा उद्या वर्गात होणारा भाग आज रात्री २० मिनिटं बघ. अडलं की मागे जा. वर्गात सगळ्यांसमोर 'सर, परत सांगा' म्हणायला जीभ रेटत नाही; इथे दहादा ऐकलंस तरी कोण बघतंय?

मग मोबाइल पालथा ठेव आणि सर्किट कोऱ्या कागदावर काढ. हात जिथे थांबेल तो तुझा प्रश्न. तो घेऊन वर्गात जा. 'काहीच कळलं नाही' म्हटलंस तर सर बिचारे पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार. 'एमिटरला रेझिस्टर लावला की तापमान वाढूनही करंट आटोक्यात कसा राहतो?' असं विचारलंस, तर त्यांनाही हुरूप येईल. फळ्यावर ते जे काढतील, ते नेमकं तुझ्या अडचणीवरचं असेल.

प्रॅक्टिकललाही हेच. आधी व्हर्च्युअल लॅबमध्ये हवे तसे रेझिस्टर बदलून बघ, तिथे काही जळत नाही. मात्र तिथे वायरही सैल होत नाही! खऱ्या ब्रेडबोर्डवर सगळं आकृतीप्रमाणे जोडूनही मल्टीमीटर कलेक्टरला सप्लायचे पूर्ण १२ व्होल्ट दाखवत बसतो. मग लॅबमधले काका येतात आणि बेसची वायर नुसती दाबतात, की आकडा खाली येतो. बेसला करंटच मिळत नव्हता, म्हणून ट्रान्झिस्टर बंद होता. ही शोधाशोध हाताने केलेली असली की व्हायवात घाम फुटत नाही.

ऑनलाइन कोर्सचे क्रेडिट पदवीत धरतात का, हेही विचारलं होतंस. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांत एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून करायची मुभा आहे. तुमचं कॉलेज त्यातलं काय मान्य करतं, ते नाव नोंदवण्याआधी ऑफिसात विचार. नोंदणी फुकट असते म्हणून पाच कोर्स घेऊन ठेवू नकोस (सगळे घेतात, पुरा कुणाचाच होत नाही). या सत्राच्या विषयाशी जुळणारा एकच घे. एनपीटीईएलच्या कोर्सला असाइनमेंटचे २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५ असे गुण धरतात. असाइनमेंट मैत्रिणींबरोबर बसून सोडव, वाद घाल. उत्तरं मात्र ग्रुपवरून उतरवू नकोस.

हॉस्टेलचं वायफाय रात्री रखडत असेल, तर दुपारी लायब्ररीतून व्हिडिओ डाउनलोड करून ठेव. आणि एमिटरच्या त्या प्रश्नावर सर काय म्हणाले, ते कळव.

तुझा,
जुना सर