मोडीत घालण्याआधी

प्रश्न : माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेमच्या सर्व्हायव्हलमध्ये (सगळं स्वतः मिळवून तगायच्या प्रकारात) आठ इंगट (धातूच्या विटा) घालून केलेली लोखंडी चेस्टप्लेट (छातीचं चिलखत) झिजली, म्हणून भट्टीत टाकली. हाती एकच नगेट (धातूचा छोटा खडा) आलं! परवा आईनं बर्तन बाजारात पितळेची भांडी मोडीत दिली, तेव्हा तोलून पैसे मिळाले होते. मग इथं असं का?
— इयत्ता आठवी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ही भट्टी वजन बघत नाही, नग मोजते. चार इंगटांचे बूट घाल, आठांची चेस्टप्लेट घाल, कोरी असो की तुटायला टेकलेली, एका नगाला एकच नगेट. नऊ नगेटांचा एक इंगट होतो. म्हणजे तुझी 72 नगेटांची वस्तू गेली आणि एक परत आलं. आपल्या इंगटांनी घडवलेली वस्तू वितळवणं हा जवळजवळ नेहमीच तोट्याचा सौदा आहे.

त्याऐवजी ग्राइंडस्टोन (दुरुस्तीचं सहाणचाक) कर : 2 काठ्या, 1 दगडी स्लॅब, 2 फळ्या. त्यात एकाच जातीच्या, एकाच धातूच्या दोन झिजक्या वस्तू ठेवल्या की दोघींचा उरलेला टिकाऊपणा जोडला जातो आणि वर पूर्ण क्षमतेच्या 5 टक्के मिळतात. लोखंडी तलवारीची क्षमता 250, तिचे 5 टक्के म्हणजे 12 (अपूर्णांक सुटतो). एकीत 40 उरलेत, दुसरीत 60, तर 112 ची एक तलवार होते. बेरीज 238 च्या पुढं गेली की वरचं वाया जातं, कारण 250 च्या वर काही चढत नाही. त्यामुळे दोन्ही चांगल्या झिजू देऊन मगच जोड.

एक जपायचं. ग्राइंडस्टोनवर एन्चांटमेंट (वस्तूवर चढवलेली जादू) पुसली जाते, फक्त शाप (वाईट जादू) तेवढे राहतात. एन्चांट केलेली वस्तू ऐरणीवरच दुरुस्त कर. तिथं एका इंगटानं पाव क्षमता भरून येते, लेव्हल (खेळून मिळवलेले अनुभवाचे टप्पे) मात्र खर्च होतात. ऐरणीलाच 31 इंगट लागतात, तेव्हा लोखंड साठल्यावरच तिच्या मागे लाग.

भट्टीत जावं ते फुकट मिळालेलं : झोंबीनं टाकलेली शिरस्त्राणं, नेदरमधल्या (खेळातल्या पाताळातल्या) झोंबी पिगलिन या डुक्करतोंड्या प्राण्यांच्या सोन्याच्या तलवारी. चेनमेल (कड्यांचं चिलखत) हातानं घडवता येत नाही, पण वितळवलं तर त्याचंही लोखंडी नगेट मिळतं. हिऱ्याची हत्यारं वितळत नाहीत. लाकडी तलवार जळणाच्या खणात टाक, एक नग वितळेल.

प्रश्न : मुलीबरोबर मी हा खेळ खेळते. ब्लास्ट फर्नेस (धातूसाठीची वेगवान भट्टी) घेतल्यापासून कोळसा भराभर संपतो. बिघाड कुठं आहे?
— रामबाग, इंदूर

उत्तर : बिघाड नाही. ब्लास्ट फर्नेस दुप्पट वेगानं वितळवते आणि दुप्पट वेगानं जाळते. साध्या भट्टीत एका नगाला 10 सेकंद, इथं 5. एका कोळशात दोन्हीकडे आठच नग होतात. कोळसा वाया जातो तो मधल्या रिकाम्या वेळात. हत्यारं आणि चिलखतं एकावर एक रचली जात नाहीत, वरच्या खणात एका वेळी एकच नग मावतो. तुम्ही पेटीकडे वळून पुढचा काढेपर्यंत आग जळतच असते. लाव्हाची बादली तर 100 नगांची आहे. तेवढा माल तयार नसेल तर ती घालू नका.

उपाय म्हणजे फर्नेसच्या डोक्यावर हॉपर (वस्तू आपोआप पुढं सरकवणारं नरसाळं) आणि त्यावर पेटी. हॉपरला 5 इंगट आणि 1 पेटी लागते. भंगारातून ते लोखंड काढायचं म्हटलं तर 45 नग वितळवावे लागतील, म्हणून थोडाच माल असेल तर हातानंच घाला.

अडकण्याच्या दोन जागा आहेत. उजव्या, तयार मालाच्या खणात लोखंडी नगेटं असताना वर सोन्याची वस्तू आली की काम थांबतं, आग मात्र चालू राहते. लोखंड आणि सोनं वेगवेगळ्या खेपांना घाला किंवा खाली दुसरा हॉपर लावून नगेटं बाहेर ओढा. दुसरी जागा : खेळाच्या जावा आवृत्तीत (संगणकावरच्या) हॉपर न वितळणारी वस्तूही वर ढकलतो. एक चामड्याचा बूट गेला की रांग तिथंच तुंबते. पेटी भरतानाच निवडून घ्या.

प्रश्न : रूळ, दार, पलंग मोडून कच्चा माल परत मिळतो का?
— लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : नाही. ते अख्खेच हातात येतात. मागे फिरतात ते साठवणीचे ठोकळे : लोखंडाच्या एका ठोकळ्याचे 9 इंगट, एका इंगटाची 9 नगेटं. आणि सगळ्याच नगेटांचे इंगट करायला हवेत असं नाही. 8 नगेटं आणि 1 मशाल यांचा कंदील होतो, खाणीत तो फार कामाला येतो.