दोन किल्ल्या, एक हात

प्रश्न : निपाणी भागात आमची एक छोटी सौहार्द (कर्नाटकाच्या सौहार्द सहकारी कायद्याखाली नोंदलेली) पतसंस्था आहे. व्यवस्थापक, रोखपाल, कारकून आणि शिपाई एवढेच कर्मचारी. संगणकाचे सगळे काम कारकूनच पाहतो. नोंदी तोच करतो, मंजूर तोच करतो, कोणाला कोणते अधिकार द्यायचे हेही सॉफ्टवेअरमध्ये तोच ठरवतो आणि रात्रीचा बॅकअप त्याच्याच पेन ड्राइव्हवर असतो. चौदा वर्षांत एका रुपयाचा घोळ झालेला नाही. यंदा लेखापरीक्षकांनी कामांची विभागणी नसल्याचा शेरा कन्नडमधून मारला आहे. काही संचालकांना हा त्या प्रामाणिक मुलावर अविश्वास वाटतो. शिवाय चार माणसांत विभागणी करायची तरी कशी?
– एक संचालक, निपाणी

उत्तर : घोळ झालेला नाही हे आपल्याला कशावरून समजले, असे मला आधी विचारावेसे वाटते. नोंद करणारा, ती मंजूर करणारा आणि झालेल्या नोंदीचा माग पुसू शकणारा माणूस एकच असेल, तर घोळ झाला नाही की झालेला दिसला नाही, हे संस्थेत कोणीच सांगू शकत नाही. त्या कारकुनालाही ते सिद्ध करता येणार नाही, आणि माझी खरी काळजी त्याच्याविषयी आहे.

मी बेळगावातल्या एका बँकेत नवा होतो तेव्हाची गोष्ट. तिजोरीला दोन किल्ल्या होत्या, एक रोखपालांकडे आणि एक माझ्याकडे. सौंदत्तीच्या यात्रेला निघताना रोखपालांनी आपली किल्ली रुमालात गुंडाळून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, ‘सांभाळ रे, परवा येतोच.’ दुसऱ्या दिवशी शंभराच्या नोटांचे एक बंडल कमी भरले. दहा हजार रुपये म्हणजे तेव्हाचा माझा चार महिन्यांचा पगार. तिसऱ्या दिवशी ते बंडल पन्नासच्या नोटांच्या थैलीत सापडले. पण मधल्या काळात माझ्या घशाखाली घास उतरला नाही. मी पैसे घेतले नव्हते, आणि ते दाखवायला माझ्यापाशी काहीही नव्हते. त्या दिवशी दुसरी किल्ली दुसऱ्याच्या खिशात असती, तर तीच माझी साक्ष झाली असती. म्हणून आपल्या संचालकांना सांगा की, या शेऱ्याने त्या मुलाच्या डोक्यावरचे ओझे उतरणार आहे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. आपल्या गावगाड्यात वसुली पाटलाकडे, दप्तर कुलकर्ण्याकडे आणि नाण्याची पारख पोतदाराकडे असे. संगणकाच्या सुरक्षेत सॉल्टझर आणि श्रोडर या अमेरिकन संशोधकांनी १९७५ मध्ये हेच तत्त्व दोन किल्ल्यांच्या कुलपाचा दाखला देऊन मांडले. पुढे १९८७ मध्ये क्लार्क आणि विल्सन या आणखी दोन अभ्यासकांनी दाखवून दिले की, लष्कराला गुपित फुटण्याची जितकी चिंता असते तितकीच व्यापाराला हिशेबात फेरफार होण्याची असते, आणि त्यावरचा एक मुख्य उपाय म्हणजे कर्तव्यांची विभागणी.

ती न केल्याने काय होते याचे ठळक उदाहरण लंडनच्या बेअरिंग्ज बँकेचे आहे. १७६२ पासून चालत आलेली ही बँक १९९५ मध्ये बुडाली. तिच्या सिंगापूरच्या कचेरीत निक लीसन सौदे करत असे आणि त्या सौद्यांची नोंद व जुळणी करणारा विभागही त्याच्याच हाताखाली होता. तोटा तो एका वेगळ्या खात्यात लपवत गेला आणि अखेर तो ८२ कोटी पौंडांच्या वर गेला.

आता चार माणसांचा प्रश्न. सगळी कामे वाटता येणार नाहीत आणि तशी गरजही नाही. जो करतो, त्यालाच केलेले मंजूर करता येऊ नये आणि त्याचा माग पुसता येऊ नये, एवढे पाहा. पहिले पाऊल म्हणजे अधिकार देण्या-काढण्याचे काम कारकुनाकडून काढून, रोजच्या व्यवहारांना हात न लावणाऱ्या एखाद्या संचालकाकडे द्या. हे अधिकार बदलण्याचा मुख्य पासवर्ड पाकिटात घालून, चिकटवलेल्या जागी दोघांच्या सह्या आडव्या घेऊन तिजोरीत ठेवा. पाकीट उघडावे लागले तर वहीत तारीख आणि कारण लिहा, आणि काम होताच पासवर्ड बदला. रोजच्या नोंदी कारकुनाने कराव्यात आणि व्यवस्थापकांनी त्या व्हाउचर समोर ठेवून मंजूर कराव्यात. ठराविक रकमेवरच्या व्यवहाराला एका संचालकाची मंजुरी लागावी. बॅकअपची एक प्रत कारकुनाच्या ताब्याबाहेर हवी, आणि जुन्या नोंदींत झालेल्या बदलांचा अहवाल दर शनिवारी छापून कारकुनाव्यतिरिक्त कोणीतरी वाचावा आणि त्यावर सही करावी.

बहुतेक संस्थांत हे पुढे कुठे फसते, तेही सांगतो. व्यवस्थापक कामात असतात, ग्राहक काउंटरवर ताटकळत असतो, आणि मग ‘माझाच पासवर्ड टाक आणि ओके मार’ असे ते कारकुनाला सांगतात. त्या क्षणी सॉफ्टवेअरमध्ये नावे दोन दिसतात, पण हात एकच असतो. ही स्थिती विभागणी नसण्यापेक्षा वाईट आहे, कारण लेखापरीक्षक निर्धास्त होतो आणि न पाहिलेल्या व्यवहाराची जबाबदारी मात्र व्यवस्थापकांच्या नावावर चढते.

आपण न विचारलेली एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. आपल्या सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस दुरून जोडणी घेऊन थेट डेटाबेसमध्ये दुरुस्ती करत असेल, तर आपल्या चौघांच्या वर तो पाचवा आहे. त्याची जोडणी लेखी विनंतीशिवाय चालू करू नका, काम होईपर्यंत कोणीतरी पडद्यासमोर बसून राहा आणि संपताच ती बंद करा.

दोघांनी संगनमत केले तर हे सारे निष्फळ ठरते, हेही खरे आहे. त्यावर रजेचा उपाय बराच उपयोगी पडतो. रिझर्व बँकेने २०२१ मध्ये बँकांना सांगितले की, जोखमीच्या जागेवरील कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, सलग किमान दहा कामाचे दिवस रजेवर पाठवावे. आपणही त्या मुलाला असे घरी पाठवा आणि त्या काळात त्याचे काम दुसऱ्याने करावे.

प्रश्न : आमच्या दूध संस्थेच्या धनादेशावर अध्यक्ष आणि सचिव अशा दोन सह्या लागतात. नेटबँकिंग घेतल्यापासून मात्र दोघांचेही पासवर्ड सचिवांकडेच आहेत आणि ओटीपीही त्यांच्याच फोनवर येतात, कारण अध्यक्षांच्या शेतावर रेंज नसते. हे चालेल का?
– एक सभासद, खानापूर तालुका

उत्तर : चालणार नाही. सह्या केलेले कोरे चेकबुक सचिवांच्या हाती देण्यासारखेच हे आहे. बँकेत अर्ज देऊन अध्यक्षांच्या नावापुढे त्यांचा स्वतःचा मोबाइल क्रमांक लावून घ्या आणि त्यांचा पासवर्ड त्यांच्याच हातून बदलून घ्या. रेंजची अडचण खरी आहे, म्हणून रोज थोडे-थोडे पैसे पाठवण्याऐवजी दूध बिलाचा दिवस ठरवा. सचिवांनी आदल्या दिवशी यादी भरून ठेवावी, आणि अध्यक्ष संकलनाच्या वेळी डेअरीवर येतील तेव्हा त्यांनी ती संकलन वहीशी ताडून स्वतःच्या फोनवरून मंजूर करावी.